वाकडोबाच्या गळ्यातलं कडं

रवि. ७ सप्टें.

रात्रभर पाऊस. सकाळी आण्णा पूजेला गेले आणि शेतातूनच हाका मारायला लागले. सासऱ्यांचं वय झालंय, चैत्रात अ‍ॅटॅक येऊन गेलेला, त्यामुळे हाक आली की माझा जीव आधीच अर्धा होतो. वाटलं, पडले. चपला न घालता पळाले.

पडले नव्हते. बांधावर वाकडोबासमोर हात जोडून उभे होते, डोळ्यांत पाणी. देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ सुटून पडली होती. इतक्या वर्षांचा शेंदूर-तेल बसून बसून जाड झालेला थर, पावसाने भिजून मोठमोठे खपले निघालेले. आत दगड नाही. आत काळपट लोखंडासारखं काहीतरी गुळगुळीत, आणि वरच्या अंगाला गोल फिरलेलं एक पिवळं कडं.

"सुमन, बघ! देवाच्या गळ्यात सोनं निघालं!"

मीही हात जोडले. हळद-कुंकू वाहिलं. मोबाइलवर फोटो काढला. देव तिरका उभा, म्हणून वाकडोबा. आता गळ्यात दागिना घातल्यावर ऐटीत मान वाकडी केल्यासारखा दिसत होता. मनात म्हटलं, चला, पितृपक्ष लागायच्या आत आमच्या घरात काहीतरी चांगलं घडलं.

झेंडू दसऱ्याला बरोबर येईल. कळ्या धरल्यात.

मंगळ. ९ सप्टें.

लष्कराच्या कॅम्पातलं माझं फुलांचं दुकान उघडलं. पितृपक्षात हार कोण घेतंय? मोगरा सुकत बसलाय आणि मी पण. दुपारी सुभेदारकाका आले. तोफखान्यातून रिटायर झालेले, दत्ताला हार नेतात. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून कौतुकाने त्यांना फोटो दाखवला, बघा आमच्या देवाने खोळ टाकली.

त्यांनी चष्मा पुसला. फोटो मोठा करून पाहिला. पिशवी खाली ठेवली.

"ताई, हा तुमचा देव जमिनीत किती आहे?"

म्हटलं, बराच. कोणी खणून बघितलंय!

"ह्याला तुम्ही काय काय करता?"

सांगितलं. तेल-शेंदूर, कापूर, आणि दर अमावस्येला नारळ.

"नारळ कुठे फोडता?"

"देवावरच की."

काका माझ्या स्टुलावर बसले. न विचारता. मग हळू आवाजात म्हणाले, हा तोफेचा गोळा आहे. जुना, इंग्रजांच्या वेळचा. सोनं नाही ते, तांब्याचा पट्टा असतो, नळीतून जाताना गोळा फिरावा म्हणून. उलटा शिरलाय, बूड वर. आणि फुटलेला दिसत नाही.

मी विचारलं, इतक्या वर्षांनी काय फुटणार? गंजून गेला असेल आत.

"ताई, शंभर वर्षं गप्प बसेल नाहीतर उद्या बोलेल. ह्याचा भरवसा नाही. माणसं लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा. आजच."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या देवाच्या पायाशी बसून निरांजन लावतेय. मुलांची जावळं तिथे काढली. धाकटा तर त्याच्यावर घोडा घोडा करायचा आणि आम्ही हसायचो!

बुध. १० सप्टें.

वि. अंबडच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून येतो, नवऱ्याला सकाळी उठल्यावरच सांगितलं. आधी हसला. "तुला कोणीही काहीही सांगतं." मग बांधावर जाऊन आला आणि चहा न पिता बसून राहिला. कारखान्यात रोज लोखंड बघणारा माणूस. त्याला दिसलं.

म्हटलं, पोलिसांना फोन कर.

म्हणाला, ते लष्कराला बोलावतील. लष्करवाले असलं जुनं हलवत नाहीत, जागेवर उडवतात. देव उडवला तर आण्णा…

मी विचारलं,

"अन् नाय बोलावलं तर?"

"अमावस्येपर्यंत बघू."

ह्या माणसाचं सगळं 'बघू'वर चालतं. एकवीस तारखेला सर्वपित्री. आण्णा नारळ घेऊन जाणार आणि दोन्ही हातांनी आपटणार.

तोफखान्याच्या रेंजवर आज फायरिंग. भांडी वाजली. एरवी लक्षही जात नाही, आज प्रत्येक आवाजाला दारात जाऊन उभी राहिले.

शुक्र. १२ सप्टें.

सोन्याची बातमी वाड्या-वस्त्यांवर गेली. दर्शनाला माणसं. आण्णा पांढरी टोपी घालून सगळ्यांना कडं दाखवतात, लहान मुलासारखे खूश. इतके खूश मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पोपटभावजी आले, वि. चे चुलतभाऊ. खिशातून कानस काढली. "जरासं घासून बघू, सोनं का पितळ." आणि पट्ट्यावर लावलीसुद्धा!

मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही, लोक सांगतात, "हात लावू नका, मरताल सगळे!" धावताना अंबाडा सुटला, पदर गेला, कानस हिसकावून झेंडूत फेकली. अंग थरथर कापत होतं. भीतीने, दुसरं काय!

शुद्धीवर आले तर बायका माझ्या कपाळावर हळद थापत होत्या. पोपटभावजी पायाशी आडवे. "माय, चुकलं."

त्यांना वाटलं, देव माझ्या अंगात आला.

सांगायला तोंड उघडलं, नाही रे बाबांनो, हा गोळा आहे. आणि मिटलं. आण्णा माझ्याकडे असे बघत होते की…

रवि. १४ सप्टें.

करायला गेले एक. आता देव 'जागृत' झाला. काल-आज जत्रा. माणसं लेकरं घेऊन येतात, लेकरांचं डोकं त्याला टेकवतात. मी रांगेच्या पुढे उभी राहून ओरडते, लांबून, लांबून पाया पडा. तर माझ्याच पाया पडतात.

एका बाईने मला विचारलं, पोराला नोकरी कधी लागेल. मेलं माझंच काही खरं नाही, तुझ्या पोराचं काय सांगू?

एक वाट सुचली. आण्णांना म्हटलं, देव माझ्याकडून बोलला ना? मग त्याला अंगावर नारळ नको आहे. आण्णा मान डोलावत होते, पटत होतं. जिंकलेच होते मी. तेवढ्यात पोपटभावजींनी आणलेला भगत मधे बोलला. त्याने तांदळाचे दाणे टाकून बघितले. म्हणे, देव नको म्हणत नाही, रुसलाय. भूक लागलीय त्याला. सर्वपित्रीला घरटी एक नारळ.

घरटी एक. आख्ख्या वस्तीचे नारळ, एकामागून एक, त्याच्यावर.

वि. ला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपला नव्हता.

मंगळ. १६ सप्टें.

आण्णा आयुष्यात एकाच माणसाचं ऐकतात, त्यांच्या आक्काचं. गंगूआत्या कॅम्पात लेकाकडे असतात. नव्वदीच्या घरात, दिसतं कमी, पण डोकं सुरीसारखं. म्हटलं, ह्यांच्या पायावर डोकं ठेवावं आणि सगळं सांगावं. दुकान बंद करून गेले.

सांगितलं. वाटलं होतं, आत्या मला झाडतील.

"गोळाच हाय तो," आत्या म्हणाल्या. "मला नाय म्हाईत व्हय? माझ्या डोळ्यादेखत पडला."

मग जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

मोठी लढाई चालली होती. गोऱ्यांची पोरं आगगाडीने यायची, इथे तोफा शिकायची आणि पुढे मरायला जायची. टेकडीवर लाल निशाण चढलं की गावाने रान सोडायचं. त्या दिवशी श्रावणाचं धुकं, निशाण दिसलंच नाही. बायका निंदायला बसलेल्या. आत्या लहान, बांधावर. आण्णा त्यांच्या आईच्या पोटात, सातवा की आठवा महिना. शिट्टीसारखा आवाज आला आणि हा बायकांच्या मधोमध भुईत शिरला. चिखल उडाला, आईच्या तोंडावर बसला. बायका तशाच खुरपी धरून बसलेल्या, कोणी उठेना. तो फुटलाच नाही. पुढे बांध त्याच्यावरूनच घातला.

"मग देव मानला?" मी विचारलं.

"आधी देव नाय, बाई. आधी खूण."

त्या वर्षी त्यांचा काका दुसऱ्या एका गोळ्याचं तांब्याचं कडं काढायला छिन्नी घेऊन बसला होता. भंगारात तांब्याला भाव होता. काकाचं पुरायला काही सापडलं नाही. त्यानंतर बायकांनीच ठरवलं. रानात न फुटलेला गोळा दिसला की त्याला शेंदूर फासायचा. म्हणजे गडी नांगर घालत नाही, पोरं चढत नाहीत, भंगारवाला उचलत नाही.

"लाल निशाण गोऱ्यांचं, शेंदूर आमचा. कागद कोन वाचतंय? शेंदराला समदे भितात."

असे कितीतरी देव केले म्हणे. लढाई संपल्यावर लष्कराने फिरून फिरून ते उचलून नेले. ह्याचा पत्ता मात्र आण्णांच्या आईने दिला नाही. "ह्यानं माझं पोर राखलं," म्हणाली.

नारळाचं विचारलं. आत्या ताडकन उठून बसल्या.

"अंगावर? आई पार लांब दगडावर फोडायची! तो दगड कुठं गेला?"

मला माहीत आहे कुठे गेला. जेसीबी लावून शेत सपाट केलं तेव्हा गेला. तेव्हापासून आण्णा देवावरच फोडतात. चुकलं तर कोणाचं? हात लावू नका म्हणून ज्या बायकांनी शेंदूर लावला त्यांची नावंही कोणाला माहीत नाहीत.

येताना बसच्या खिडकीतून बांधावरच्या, झाडाखालच्या प्रत्येक शेंदरी दगडाकडे बघत आले.

बुध. १७ सप्टें.

आण्णांना सांगितलं. वि. ने सुट्टी टाकली, समोर बसला. आत्यांना फोन लावून दिला, त्यांनी स्वतः सांगितलं. आण्णा फोन कानाला धरून नुसते हूं हूं करत होते.

मी त्यांच्या छातीकडे बघत होते, हार्टची गोळी हातात घेऊन.

"आईनं मला कधी सांगितलं नाय," एवढंच आधी बोलले. दुखावलेले. मग म्हणाले, "म्हंजे हा माझ्यासाठी थांबला."

वि. म्हणाला, "आण्णा, तो बॉम्ब हाय."

"आसंल की. फुटायचं त्याचं काम. ते त्यानं केलं नाय. आजून काय करायला पायजे रे देवानं?"



मी कबूल केलं की परवा अंगात वगैरे काही आलं नव्हतं, घाबरून ओरडले होते. तर म्हणतात, "ते मला कळलं व्हतं. देव घाबरूनच बोलतो."

अंगावर नारळ फोडणार नाही, असं वचन दिलं. पण लोकांचं काय? रविवारी अख्खी वस्ती येणार. म्हटलं, तुम्ही सांगा सगळ्यांना खरं. आण्णांनी नाही म्हणून मान हलवली. "माझ्या देवाला चारचौघांत बॉम्ब म्हणू? ते नाय व्हायचं माझ्याच्यानं."

त्यांच्यावर राग येतो. आणि राग आला की लगेच आठवतं, मी दुकान टाकलं तेव्हा भाऊबंद म्हणाले, सून बाजारात बसवता काय. तेव्हा हेच आण्णा धोतर नेसून आठवडाभर माझ्याशेजारी स्टुलावर बसले होते, कोण काय बोलतंय बघतो म्हणून. हार गुंफता येत नव्हते, मला सुया ओवून द्यायचे.

शुक्र. १९ सप्टें.

मी फोन केला. पोलिसांना. वि. ला न विचारता. काल पोपटभावजींनी टेम्पोभर नारळ उतरवून घेतले, तेव्हाच ठरलं.

दुपारी गाडी आली. फौजदाराने लांबूनच बघितलं आणि सगळ्यांना मागे सारलं. बांधाभोवती लाल-पांढरी फीत बांधली. झेंडूचे वाफे तुडवले गेले. जाऊ दे.

वस्ती अंगावर आली. "आपलाच देव उडवायला निघाली ही." परवा पायावर डोकं ठेवणारे हेच. पोपटभावजी म्हणाले, हिच्या अंगात देव नाही, भूत होतं. एका म्हातारीने माझ्या दारात थुंकलं. सुभेदारकाका येऊन लोकांना समजावत होते, त्यांनाही शिव्या.

वि. एकच वाक्य बोलला. "मला विचारायचं तरी." जेवला नाही.

ह्या गडबडीत आण्णांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. फितीखालून वाकून आत गेले आणि वाकडोबाशेजारी जाऊन बसले. फौजदार ओरडला. ते उठले नाहीत. गेले मी फितीपर्यंत.

"तू फोन केलास?"

"हो, आण्णा."

"बरं केलंस. लोकं वाचली. आता घरी जा."

"तुम्ही चला."

"मी नाय येत."

चिडले असते, मला मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. बरं केलंस म्हणाले.

शनि. २० सप्टें.

रात्री गारठा होता, घोंगडी नेऊन दिली. फौजदाराने मला अडवलं नाही. त्यालाही काय करावं कळत नाहीये. आण्णा बसूनच आहेत. गोळ्या घेतल्या, भाकरी घेतली नाही.

सकाळी लष्कराची माणसं आली. मेजरसाहेब तरुण, नीट बोलणारे. पोटावर झोपून, हात न लावता त्याला बराच वेळ न्याहाळलं. परत आले तेव्हा घाम आलेला. भरलेला आहे म्हणाले. कवच पातळ झालंय, हलवता येणार नाही. भोवती वाळूच्या गोण्या लावून उद्या सकाळी जागेवरच. जवळची घरं रिकामी करा.

वि. ने विचारलं, म्हाताऱ्याला उचलून आणा ना, तुम्ही एवढे जण आहात.

मेजर म्हणाले, तिथे झटापट करता येणार नाही. हिसका बसला, कोणाचा पाय घसरला, तर सगळेच. स्वतःहून उठले तरच.

म्हणजे जगात कोणीही त्यांना जबरदस्तीने उठवू शकत नाही. आयुष्यभर हट्टी होते, पण असली जागा त्यांना कधी मिळाली नव्हती.

मेजर स्वतः जाऊन बोलून आले. आण्णांनी त्यांना बसायला सांगितलं, घर कुठलं, आईवडील आहेत का, विचारलं. वर म्हणाले, "साहेब, आईच्या पोटात व्हतो तवापास्नं आमची वळख. तो माझ्यासाठी थांबला. मी त्याच्यासाठी थांबतो. तुमी तुमचं काम करा." मेजर परत आले ते थेट गाडीत जाऊन बसले.

गंगूआत्यांना गाडी करून आणलं. फितीपाशी खुर्ची टाकली. आत्यांनी हाक मारली, शिव्या दिल्या, आईची शपथ घातली. आण्णा तिकडूनच म्हणाले, "आक्का, तू घरी जा, ऊन लागंल."

आत्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "त्याला वाटतंय, आता तो गेला की आपलं कुनी नाय. वेडा."

तो म्हणजे देव. की त्यात उरलेली आई.

वस्ती शाळेत हलवली. जाताना पोपटभावजी आण्णांकडे बघून थांबले. काल एवढं बोलणारा माणूस, टोपी काढली आणि हमसून हमसून रडला. कोणी हसलं नाही.

रवि. २१ सप्टें.

शाळेच्या ओट्यावर बसून लिहितेय. अमावस्या. आज कोणी पान वाढलं नाही, कावळ्यांनाच उपास.

वाळूच्या गोण्या तीन बाजूंनी लावून झाल्या. चौथी बाजू आण्णांची. मेजर म्हणाले, दुपारपर्यंत थांबू शकतो. ऊन चढलं की आतलं काय करेल सांगता येत नाही. लाऊडस्पीकरवरून सारखं, आजोबा, बाहेर या. आजोबा हात वर करून सांगतात, ऐकू येतंय.

वि. पहाटे आत गेला होता. बापलेक काय बोलले ठाऊक नाही. एकटाच परत आला. माझ्याशी दोन दिवसांनी बोलला. "माझ्याच्यानं नाय झालं, सुमन. तू बघ."

काय बघू? शपथा घालून झाल्या. बाहेरगावची नातवंडं फोनवर आणून झाली. देवाच्या नावाने खोटं बोलले असते, तेही त्यांना कळतं. सकाळपासून वाक्य जुळवतेय, एकही धड नाही. मला एवढंच म्हणायचंय की तुम्ही नसलात तर मी कोणाच्या जिवावर बाजारात बसू. हे म्हणण्यासारखं आहे का? म्हातारं माणूस मरायला बसलंय आणि मी दुकानाचं बोलतेय. पण दुसरं काही खरं सुचत नाही.

मेजरना सांगितलं, मला जाऊ द्या. नाही म्हणाले. परत सांगितलं. मग म्हणाले, बाई, जा, पण तिथे फार वेळ बसू नका. मी हो म्हणून मान हलवली. ते खोटं आहे, त्यांनाही कळलं असावं.

आत्यांच्या पाया पडले. वि. फीत वर धरून उभा आहे, माझ्याकडे बघत नाही.

आण्णा उठले तर त्यांच्या चालीने हळूहळू दोघं येऊ. नाही उठले तर मलाही उठता यायचं नाही.